प्राथमिक आरोग्य केंद्र: ओपीडीच्या बाकांपलीकडे काय चालतं

दुपारी दोनच्या सुमाराला एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डोकावलं तर ओपीडीची बाकं रिकामी दिसतात. केसपेपरच्या खिडकीत कोणी नसतं, वऱ्हांड्यात एखादं कुत्रं पसरलेलं असतं. ‘सरकारी दवाखाना, इथं काय काम असणार’ असं म्हणत माणूस परत फिरतो. नेमक्या त्याच वेळी केंद्राच्या एक सिस्टर पाच-सहा किलोमीटरवरच्या वाडीत अंगणवाडीच्या ओट्यावर लसीचा डबा घेऊन बसलेल्या असतात, आरोग्यसेवक नळाचं पाणी काचनळीत घेऊन त्याचा रंग बघत असतो आणि आशाताई चौदा दिवसांच्या बाळाचं वजन करत असते.

पीएचसीबद्दलचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दलचे, बरेचसे गैरसमज तिला दवाखाना समजण्यातून येतात. दवाखाना आलेल्या माणसाला तपासतो. पीएचसीवर न आलेल्या माणसाचीही जबाबदारी असते. साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक, असा निकष आहे. केंद्राखाली उपकेंद्रं असतात, एकेक ५,००० लोकांमागे, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे. महाराष्ट्रात अशी सुमारे १,८०० केंद्रं आणि साडेदहा हजारांच्या आसपास उपकेंद्रं आहेत. त्या तीस हजारांत कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ लसीला आलं नाही, कुणाला दोन आठवड्यांपासून खोकला आहे, कुठल्या नळाला क्लोरीन पोचत नाही, हे केंद्राला माहीत असणं अपेक्षित आहे.

हे कुठून आलं

गावात सरकारी आरोग्य पहिल्यांदा आलं ते लस टोचणाऱ्याच्या रूपात. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. पुढे दीडशे वर्षं गावोगाव फिरणाऱ्या लसटोचकाला लोक ‘देवी डॉक्टर’च म्हणत. जुन्या पिढीच्या दंडावरचे गोल व्रण त्याच्याच हातचे.

दवाखाना आणि रोगप्रतिबंध एकाच छपराखाली आणायची कल्पना नीट मांडली ती भोर समितीने. समिती १९४३ मध्ये नेमली गेली, अहवाल १९४६ मध्ये आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजात. समितीने पहिल्या टप्प्यासाठी ४०,००० लोकांमागे एक केंद्र सुचवलं. त्यातल्या माणसांची यादी बघण्यासारखी आहे: डॉक्टर दोन, पण सार्वजनिक आरोग्य परिचारिका चार, मिडवाइफ चार, प्रशिक्षित दाया चार, स्वच्छता निरीक्षक दोन. म्हणजे कागदावर पहिल्या दिवसापासून या केंद्राचा तोल बाहेरच्या कामाकडे होता. डॉक्टर हा त्याचा एक भाग.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचा भाग म्हणून गटागटात केंद्रं उघडू लागली. पण एका केंद्राखाली साठ हजार ते एक लाख लोक येत, त्यामुळे बाहेरचं काम नावापुरतं राही. शिवाय मलेरियाचा माणूस वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा. एका घरात आठवड्यात तिघं येऊन तीन वेगवेगळी रजिस्टरं भरायची. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने हे एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी आणला. आजही आरोग्यसेवकाला ‘एमपीडब्ल्यू’ म्हणतात ते त्यावरून. ३०,००० चा निकष १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या काळातला. आशा आली ती १२ एप्रिल २००५ ला सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून.

या सगळ्यात महाराष्ट्राने दिल्लीला बरंच दिलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं की गावातली प्रशिक्षित बाई घरी जाऊन नवजात बाळं वाचवू शकते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलेलं होतं. आशाताईच्या ज्या भेटी आपण गृहीत धरतो, म्हणजे दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्यांचं मूळ तिथं आहे. त्या भेटीत वजन आणि तापमान घेतलंच पाहिजे. नुसतं दारातून ‘बाळ बरंय ना?’ विचारून ती गेली, तर ती भेट झाली असं समजू नका.

कोण कुणाचं

केंद्रात दोन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहायक आणि सहायिका, सिस्टर, लिपिक, चालक, परिचर हा बाकी ताफा. खाटा सहा. उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक असतात, आणि २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे ‘सीएचओ’. महाराष्ट्रात हे बहुतेक बीएएमएस झालेले आणि वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले असतात. रक्तदाब-मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी केंद्रापर्यंत जायची गरज नाही, त्या उपकेंद्रात मिळायला हव्यात.

तक्रार करायची तर आधी एक गोष्ट माहीत हवी. पीएचसी जिल्हा परिषदेची आणि ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं. पीएचसीची तक्रार तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी अशी वर जाते. ग्रामीण रुग्णालयाची जाते जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चुकीच्या साहेबाला लिहिलेला अर्ज महिनोन्महिने टेबलांवर फिरतो. केसपेपरचे पैसे मात्र दोन्हीकडे लागत नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

लसीचा डबा

केंद्रातली सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे वरून झाकण उघडणारा आयएलआर, लसीचा फ्रीज. आत +२ ते +८ अंश तापमान हवं. ते दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, वहीत लिहायचं असतं. दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी हा फ्रीज थंडावा धरतो, म्हणून वीज गेली की पहिला नियम हाच: झाकण उघडायचं नाही.

लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. ती गोठूनही बिघडते हे फार कमी जणांना माहीत असतं. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, डीपीटी, टीडी या लसी एकदा गोठल्या की वितळल्यावर दिसायला पूर्वीसारख्याच दिसतात, पण काम करत नाहीत. फ्रीजचा तळ सगळ्यात थंड असतो, म्हणून या लसी वरच्या बास्केटमध्ये ठेवायच्या. पोलिओ, बीसीजी, गोवर-रुबेला खाली चालतात. शंका आली तर बाटली हलवून बाजूला ठेवतात. गोठलेल्या लसीत कण दिसतात आणि गाळ भराभर तळाला बसतो.

वाडीवर जाताना कॅरिअरमध्ये चार आइसपॅक लागतात, पण डीपफ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नाहीत. ते बाहेर ठेवून घाम फुटेपर्यंत थांबायचं. हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मग भरायचे. घाईच्या सकाळी हीच पायरी सुटते आणि लस डब्यातच गोठते. पुढे सत्र व्यवस्थित होतं, रजिस्टर भरतं, आणि बाळाला मिळालेलं असतं निरुपयोगी पाणी.

आईवडिलांना हे सगळं तपासता येत नाही, पण एक गोष्ट येते. बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस उन्हापासून वाचलेली आहे. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर ती बाटली बाद. ही खूण उष्णतेची आहे, गोठण्याची नाही. बाटली दाखवा म्हणायला संकोच करू नका, सिस्टरना त्याचा राग येत नाही.

बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली पाणी घालून मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकायची. त्यामुळे ‘अजून चार मुलं येऊ देत, मग फोडू’ असं ऐकायला मिळतं. नियम असा आहे की एकच मूल आलं असलं तरी बाटली फोडायची. वाया गेलेल्या लसीचा हिशेब लागतो, सुटलेल्या मुलाचा लागत नाही. पेंटा, टीडीसारख्या लसींना ही अडचण नाही, नीट थंडाव्यात ठेवली तर उघडलेली बाटली २८ दिवसांपर्यंत चालते.

लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात तो उगीच नाही. तीव्र ॲलर्जी आली तर ती याच वेळात येते आणि ॲड्रेनॅलिन सिस्टरकडेच असतं. बीसीजीच्या जागी महिना-दीड महिन्याने फोड येऊन पिकतो, मग व्रण राहतो. तसंच व्हायला हवं. त्यावर हळद, तेल, मलम काही लावू नका.

साप, विंचू, कुत्रा

रात्री-अपरात्री पीएचसीचं दार वाजतं ते बहुतेक प्रसूतीसाठी नाहीतर सापासाठी. आपल्याकडे विषारी म्हणून मोजायचे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं कोकणात जास्त. चौघांच्या विषावर उतारा म्हणून एकच लस चालते, म्हणून साप मारून आणायची गरज नाही. त्या नादात दुसरा दंश झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची तपासणी इतकी साधी आहे की तिच्यावर विश्वास बसत नाही. नवी, कोरडी काचेची नळी घ्यायची. त्यात शिरेतलं २ मिली रक्त घालायचं, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. गुठळी झाली तर त्या क्षणी ठीक. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर लस सुरू. काच हवीच, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते, प्लॅस्टिकच्या नळीत ते निरोगी माणसाचंही नीट गोठत नाही. साबणाने धुतलेल्या नळीतही नाही. मधेच कोणी ‘बघू झालं का’ म्हणून हलवली तर तपासणी पहिल्यापासून.

मण्यारीची गोष्ट उलटी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात बारीक, दुखत नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, शब्द बोबडे येतात. हा माणूस ‘पित्त झालं’ म्हणत येतो आणि दुपारपर्यंत श्वास थांबायच्या बेतात असतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर दंशाची खूण शोधत बसू नये.

लसीची सुरुवात साधारण दहा कुप्यांनी होते. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने त्याला विष मोजून कमी दिलेलं नसतं. लसीचीच ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला ठेवूनच सलाईनमधून लस सोडतात. तुमच्या बाजूने करायचं ते इतकंच: दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पाय किंवा हात फळीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या-जोडवी काढायची, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत येत नाही.

लाल विंचवाच्या उपचाराचा इतिहास तर पीएचसीतच घडला. महाड तालुक्यातल्या बिरवाडी केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशात हृदय कसं निकामी होतं, फुप्फुसात पाणी कसं भरतं याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. पुढे रक्तदाबाची प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर कामी येते हे दाखवून दिलं. कोकणात विंचवाने होणारे मृत्यू त्यानंतर झपाट्याने कमी झाले. दंश झालेल्याला दरदरून घाम, हातपाय थंड आणि उलट्या होत असतील तर दुखणं कमी आहे म्हणून घरी थांबू नये. वेदना कमी आणि घाम जास्त, हे वाईट लक्षण.

कुत्रा चावला तर पहिला उपचार घरच्या नळाखाली: साबण लावून वाहत्या पाण्यात जखम १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण अंदाजाने धुणारा दोन मिनिटांत थांबतो. चुना, मिरची, हळद नको. टाके शक्यतो नकोत. केंद्रात लस दोन्ही दंडांवर कातडीत ०.१ मिलीप्रमाणे देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८. एखादी तारीख चुकली तर जमेल तितक्या लवकर पुढचा डोस घ्यायचा, पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. रक्त आलेली जखम असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. ते सगळ्या केंद्रांत नसतं, मग ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. पाठवलं तर त्याच दिवशी जा. अंगात लसीची स्वतःची ताकद तयार व्हायला दिवस लागतात, ते दिवस हे इंजेक्शन भरून काढतं.

गरोदरपण, गोळ्या आणि ४८ तास

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत, तपासण्या किमान चार, दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी. हे कार्डावर लिहिलेलंच असतं. अडतं ते लोहाच्या गोळ्यांवर. रोज एक, किमान १८० दिवस. तरी हिमोग्लोबिन ११ च्या वर जात नाही अशी तक्रार असते, आणि चौकशी केली तर बहुतेक वेळा गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलेली निघते. दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, कॅल्शियमची सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही, एवढं पाळलं तरी फरक पडतो. शौच काळी होते त्यात काही वाईट नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर मात्र गोळ्यांची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं.

बाळ झाल्याच्या पहिल्या मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, १० युनिट, मांडीत. गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवायला. सगळं सुरळीत झालं तरी ४८ तास ठेवून घेतात आणि घरच्यांना याचाच कंटाळा येतो. जिवावर बेतणारा रक्तस्राव बहुतेक पहिल्या २४ तासांत होतो. सहा तासांनी रिक्षा बोलावून निघणाऱ्यांना तो वाटेत गाठतो.

‘लगेच रेफर केलं, काही केलंच नाही,’ ही नेहमीची तक्रार. पीएचसीत भूलतज्ज्ञ नाही आणि रक्तपेढीही नाही, म्हणून तिथं सिझेरियन होऊ शकत नाही. उशिरा रेफर करणं हा खरा दोष. मात्र रेफर करताना चिठ्ठीवर दिलेली औषधं आणि वेळ लिहिली आहे का, पुढच्या रुग्णालयाला फोन गेला आहे का आणि गाडी कुणाची, हे तीन प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. प्रसूतीसाठी आणि एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी ने-आण, औषधं, तपासण्या मोफत असतात.

नळाच्या शेवटच्या टोकाला

पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकायची जबाबदारी ग्रामपंचायतीची, ते बरोबर टाकलं का हे तपासायची आरोग्यसेवकाची. जुलाबाची साथ आली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

हिशेब सोपा आहे. १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. गोल विहिरीचं पाणी असं काढायचं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, आलेल्या उत्तराला हजाराने गुणलं की लिटर. चार मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर, म्हणजे १९० ग्रॅम पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. पावडर तशीच फेकली तर चुना तळाला जातो आणि क्लोरीनही त्याच्याबरोबर. नंतर अर्धा तास ते तासभर पाणी काढायचं नाही.

पावडर ताजी असताना क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो, २० च्या खाली गेली की ती बाद. ग्रामपंचायतीच्या खोलीत जमिनीवर, तोंड उघडं टाकलेलं पोतं पावसाळ्यात काही आठवड्यांत निकामी होतं. वास येतो म्हणून चांगली आहे असं नाही.

तपासणीला ओटी टेस्ट म्हणतात. काचनळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग लगेच बघायचा. थांबलं की पिवळेपणा वाढत जातो आणि खोटा दिलासा देतो. नमुना कुठून घेतला हे सगळ्यात महत्त्वाचं. टाकीखालच्या नळाला पिवळा येणारच. विचारायचं ते गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाबद्दल, जिथं पाइप गटारातून जातो आणि पाणी सगळ्यात उशिरा पोचतं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. ते कार्ड फाइलमध्ये पडून राहतं. ग्रामसभेत ते बाहेर काढायला सांगा आणि कुठल्या विहिरीमुळे, कुठल्या गळतीमुळे ते मिळालं हे आरोग्यसेवकाला उभं राहून वाचायला लावा.